सत्ताविसावं कलम आणि दौलतकाकांचा नळ

दौलतकाकांकडे वर्गणी मागायला गेलात तर ते तुम्हाला ओसरीवर बसवतील, पाण्याचा तांब्या पुढे करतील, चुलीवर चहा ठेवतील आणि तुमचं बोलणं अर्ध्यावर असतानाच म्हणतील, "नाही देत."

नवखा माणूस चाट पडतो. देवाचं काम आहे, गावाचं काम आहे, शेजारच्यांनी इतके दिले, असं काय काय सांगायला लागतो. काका शांतपणे हात जोडतात. "मी नाही म्हटलं. तुमी ऐकलं. आता चहा प्या अन् निंगा." मंडळी चहा पितात, बाहेर पडतात, कोपऱ्यावर जाऊन काकांच्या नावानं बोटं मोडतात. आणि अर्ध्या तासानं काका धुतलेला सदरा घालून स्वतःच मंडपात हजर होतात. एकशे एक मागितले असतील तर दोनशे एक ठेवतात. माइकवरून नाव पुकारायचं नाही, एवढीच अट.

हा क्रम कधी चुकला नाही. शाळेच्या हेडमास्तरांना तो इतका पाठ झाला होता की ते स्नेहसंमेलनाची पावती घेऊन गेले की दारातूनच ओरडायचे, "काका, लवकर नाही म्हणा, मला अजून चार घरं करायची आहेत!"

एकदा मी विचारलंच, की द्यायचेच आहेत तर आधी नाही कशाला म्हणता?

"ज्याले नाही म्हणता येत नाही, थे दान नसते बापू. थो टॅक्स असते. मले नाही म्हणता येते का, हे आधी पाहून घेतो मी."

बापू म्हणजे मी. मी त्या गावच्या ग्रामपंचायतीत सचिव होतो. काका खुशीत असले की मी बापू, रागात असले की सचिवसाहेब. माझ्या नोकरीतले काही महिने असे गेले की बापू हा शब्द कानावर पडलाच नाही. त्याच महिन्यांची ही गोष्ट आहे. गावाचं नाव मात्र सांगत नाही. आमच्या हिंदी राज्यातल्या मराठी पट्ट्यात, सौसरहून रामाकोन्याकडे जाताना संत्र्याच्या बागा सुरू होतात, तिथलंच एक समजा. नाव सांगितलं तर तिथली माणसं मला जेवायला बोलावणं बंद करतील, आणि तिथल्यासारखे पाटोडीचे रश्शे मला माझ्या पांढुर्ण्यातही मिळत नाहीत.

काका रेल्वेत गेटमन होते. छोटी लाईन होती तेव्हाची गोष्ट. खेळण्यातली वाटावी अशी ती गाडी, सायकलवाल्यानं मनावर घेतलं तर तिच्या पुढे निघून जाईल. पण ती यायच्या वेळी काका फाटक असं लावत की दिल्लीची राजधानी येते आहे असं वाटावं. एकदा एका मोठ्या साहेबाची गाडी अडकली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शेवटी साहेब स्वतः उतरले. "अरे, गाडी तर कुठे दिसत नाही!" काका म्हणाले, "तुमाले नाही दिसत म्हणून थे यायची थांबत नाही न जी." साहेबांनी डायरी काढून नाव विचारलं. काकांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सावकाश, एकेक अक्षर लिहून होईपर्यंत थांबत सांगितलं. त्याच आठवड्यात सासऱ्यांची बैलगाडी त्याच फाटकावर आली आणि तीही तेवढाच वेळ उभी राहिली. साहेब हे प्रकरण विसरले असावेत. सासरे पुढची दोन वर्षं जावयाशी बोलले नाहीत.

निवृत्त होताना काकांनी हिरवी आणि लाल झेंडी मागून घेतली होती. पाहुणा जायला निघाला की काका ओसरीवर उभे राहून हिरवी झेंडी दाखवत. पाहुणा जेवल्याशिवाय निघाला तर लाल. मला स्वतःला दोनदा लाल झेंडी मिळाली आहे, आणि दोन्ही वेळा मी मुकाट्यानं मागे फिरून पाटावर बसलो आहे.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दुसरे गेटमन बिडी ओढत, झोपत. काकांनी सौसरच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून संविधानाची हिंदी प्रत उचलली आणि ती वाचायला घेतली. वाचायची त्यांची एक रीत होती. एक कलम पुरतं समजल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. असं करत करत नोकरी संपेपर्यंत ते सत्ताविसाव्या कलमापर्यंत आले आणि तिथेच थांबले. संपूर्ण पुस्तकात तेवढंच पान काळं झालेलं, कोपरा दुमडून दुमडून फाटायला आलेला. "पुढचं केव्हा वाचणार?" असं विचारलं की म्हणत, "आधी हे तर लागू होऊ द्या."

हे कलम हिंदीत फार भारदस्त आहे. त्यात संदाय आहे, आगम आहे, अभिवृद्धी आहे. काका ते पहाटे आंघोळीनंतर मोठ्यानं म्हणत, त्यामुळे आजूबाजूच्या बायकांना बरीच वर्षं ते एखादं स्तोत्र वाटत होतं. अर्थ मात्र साधा आहे. ज्या कराचा पैसा ठरवून एखाद्या विशिष्ट धर्माच्या कामाला लावायचा आहे, तो कर भरायची सक्ती कोणावरही करता येत नाही. आता हे वाचून कोणाला वाटेल की काका नास्तिक असतील. तसं मुळीच नव्हतं. दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असे आणि त्यात टाळ धरायला काका सगळ्यांत पुढे असत. काकी गेल्या त्या आठवड्यातसुद्धा त्यांचा शनिवार चुकला नव्हता. मूलबाळ नव्हतं. घरी काका, झेंड्या आणि पुस्तक, एवढाच संसार.

तर या मारुतीला सभामंडप बांधायचं ठरलं. ठरवलं आमच्या सरपंचानं. बंडूभाऊ माणूस वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरायचं, कोणाचं आज नाही उद्या या ऐकायचं, हे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. एक दिवस पंचायतीत येऊन टेबलावर थाप मारली. "सचिवजी, पाणी सारेच पेतात न? मग पाण्याच्या पावतीतच टाकून द्या. वर्षाचे शंभर रुपये मंदिर उपकर. ना फिराची कटकट, ना मागाची."

मला तेव्हाच समजलं होतं की हे चुकीचं आहे. सचिवाला एवढंही समजत नसेल तर त्यानं राजीनामा द्यावा. पण सभामंडपाला विरोध करणारा सचिव म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं, या भीतीनं मी मान डोलावली. सौसरला जाऊन नव्या पावत्या मीच छापून आणल्या. पाणीपट्टी, त्याखाली मंदिर उपकर, त्याखाली एकूण. छपाई सुबक झाली होती आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, हे आज कबूल करतो.

पहिल्याच दिवशी काका पावती घेऊन आले. चष्मा कपाळावर. "सचिवसाहेब, हे मधली ओळ कायची होय?"

"मारुतीच्या सभामंडपासाठी आहे, काका. तुमच्याच देवाचं काम."

"देव माह्या हाय. पावती तुमची हाय. मले नाही म्हणता येते का?"

मी म्हणालो, येत नाही, पावती एकच आहे. काकांनी पाणीपट्टीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि उपकराचे शंभर ठेवले नाहीत. मी सांगितलं की अर्धी पावती फाडता येत नाही. काका म्हणाले, मग पूर्णच फाडा. आणि पैसे उचलून चालू लागले. जाताना झेंडी नव्हती म्हणून, नाहीतर मला लाल दाखवली असती.

तिथून ते थेट स्टँडवर गेले. स्टँडवर इस्माईलभाईचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या सगळ्या संत्राबागांच्या मोटरी तोच बांधतो. मी घाबरून मागोमाग गेलो, कारण काका काय बोलतील याचा नेम नव्हता. इस्माईलभाईनं उपकरासकट पावती सकाळीच भरली होती. गावातली पहिली पावती त्याचीच होती.

"तू काऊन भरले बे?" काका दुकानात पाऊल टाकायच्या आधीच ओरडले.

"जाऊ द्या न काका. शंभर रुपयात चार गोष्टी टळतात."

"म्हणजे भेवाचे दिले."

"भेवाचे समजा, का शांतीचे समजा. मले धंदा करा लागते गावात."

"अबे, मंदिराची मोटर तू दरसाल फुकट बांधून देते. तवा मी काही म्हटलं काय? थे तुह्या मनातून होतं." काकांचा आवाज खाली आला. "हे पाय, मी तुह्यासाठी नाही भांडून राहिलो. तुह्यावर उपकार नाही करून राहिलो. मी माह्या देवासाठी भांडून राहिलो. त्याच्या डोक्यावर भेवाच्या पैशाचं छप्पर नाही पाहिजे मले."

इस्माईलभाई हातातली तांब्याची तार गुंडाळत राहिला. चहा मागवला होता, पण काका थांबले नाहीत. मी तो चहा प्यायलो आणि मला तो गोड लागला नाही.

तीन महिने काकांनी पावती फाडू दिली नाही. दर महिन्याला पाणीपट्टीचे तेच पैसे घेऊन यायचे आणि मी नाही म्हटलं की परत न्यायचे. नियमाप्रमाणे नळ तोडायची नोटीस निघाली. सही माझीच होती. नळवाला पान्हा घेऊन गेला तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला, पाइप उघडा राहू नये म्हणून घट्ट बूच बसवून घेतलं आणि निघताना हिरवी झेंडी दाखवली, असं तो स्वतः येऊन मला सांगत होता. सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही.

आता गावात दुसरं पाणी म्हणजे देवळासमोरची हापशी. ज्या देवळाच्या पैशापायी नळ तुटला, त्याच्याच अंगणात काका घागर घेऊन उभे राहायला लागले. हापसण्याआधी चपला काढून मारुतीला नमस्कार करायचे. कोणी डिवचलंच तर म्हणायचे, "त्याच्यासंग माह्यं भांडण नाही. माह्यं भांडण पंचायतीसंग हाय." ज्यांच्याकडे नळ पोचला नव्हता त्या घरांच्या बायका तिथे असत. आधी त्या पदराआड हसल्या. मग म्हाताऱ्याच्या घागरीला हात लावू लागल्या. काका मात्र त्यांना लावू देत नसत, उलट त्यांच्याच घागरी भरून द्यायचे आणि भरता भरता संदाय, आगम, अभिवृद्धी समजावून सांगायचे.

पण खरा घाव वेगळाच बसला. भजनी मंडळानं ठरवलं की देवाच्या कामात आडवे येणाऱ्या माणसानं भजनात बसू नये. काकांना निरोप गेला. त्या शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम देवळावरून गेलो. आत भजन चाललं होतं. बाहेर, आवाराच्या भिंतीला पाठ लावून काका धुळीत मांडी घालून बसले होते. हातात टाळ. आतल्या पेटीच्या सुरावर बाहेरून टाळ पडत होता, एकही ठोका न चुकता. आतल्या नव्या टाळकऱ्याचा ताल मात्र सारखा घसरत होता. शेवटी तो बाहेरच्या टाळावर वाजवायला लागला.

"काका, आत या म्हणून सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"कायले? मारुतीले भिंतीपलीकडून ऐकू येत नाही काय?" काका म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शनिवारामागून शनिवार ते तसेच बसले. नळाचं त्यांना काही वाटलं नसावं. भिंतीचं वाटत होतं, हे त्यांच्या पाठीकडे पाहून कोणालाही कळलं असतं.

ऑक्टोबरची ग्रामसभा आली. एरवी कोरम भरायला मला माणसं गोळा करावी लागत; त्या दिवशी सतरंजी कमी पडली. काका उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि सत्ताविसावं कलम खणखणीत आवाजात वाचलं. संपल्यावर मागच्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीनं हात जोडले. हशा पिकला.

बंडूभाऊही हसला. "काका, मारुती कोणा एकाचा हाय काय? साऱ्या गावाचा हाय न?"

"साऱ्या गावाचा हाय, म्हणूनच सांगून राहिलो." काका हसले नाहीत. "आज तू सरपंच हायेस, तू आपल्या मारुतीसाठी पावती फाडली. उद्या दुसरा येईन, थो त्याच्या देवासाठी फाडन. तवा तू काय म्हणशीन? अन् एक सांग. एवढ्या वर्षांत या मारुतीनं कोणाचं पाणी तोडलं काय? त्याच्या नावानं तुमी तोडून राहिले."

बंडूभाऊ म्हणाला, "पण त्या पुस्तकाचा अर्थ तुमी म्हणता तोच होते कायवरून?"

"माह्या नको ऐकू. सरकारी माणसाले विचार." काकांनी उघडं पुस्तक माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "सचिवसाहेब, तुमी सांगा."

समोर सगळं गाव. बदलीची चिठ्ठी लिहायला सरपंचाला एक दिवस पुरतो. मी ते काळं पडलेलं पान पाहिलं. समासात पेन्सिलीनं काकांनी कठीण शब्दांचे अर्थ लिहिले होते, अक्षर लहान मुलासारखं. संदाय म्हणजे भरणं. आगम म्हणजे आलेला पैसा. गाड्यांची वाट पाहत बसलेला एक माणूस शब्दकोशात एकेक शब्द शोधतोय, असं चित्र डोळ्यापुढे आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी उठलो.

"सरपंचजी, काका बरोबर बोलून राहिले. देवळासाठी सक्तीनं पैसा घेता येत नाही, पाण्याच्या पावतीतून तर नाहीच. मले हे पहिल्या दिवशी माहीत होतं. मी बोललो नाही. चूक माही हाय."

बंडूभाऊ मानेमागे हात चोळत म्हणाला, "तवाच सांगाचं न राजेहो. मी का कायदा शिकून आलो?" आणि सभेकडे वळला. "काढून टाका थे ओळ. ज्यायनं भरले त्यायचे पुढच्या पावतीत वजा करा." मी ठराव लिहिला. इतकं स्वच्छ अक्षर माझं आयुष्यात कधी आलं नाही. खाली सह्या आणि अंगठे. इस्माईलभाईनंही सही केली, आणि पेन परत देताना काकांकडे पाहून नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी गाडीवरून घरी जाताना मी मोठ्यानं गाणं म्हणत गेलो. काकांच्या गावात आपण नोकरी करतो, याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा मला कोणत्या साहेबाबद्दल कधी वाटला नव्हता.

सभामंडप स्लॅबचा व्हायचा होता, तो टिनाचा झाला. दारोदार मागून आणलेल्या वर्गणीत तेवढंच बसलं. उन्हाळ्यात तापतो, पावसात भजन ऐकू येत नाही. बंडूभाऊ अजून त्यावरून काकांना टोमणे मारतो. काका खाली बसून टाळ वाजवतात. पुढच्याच जागी, कारण ठरावानंतरच्या शनिवारी पेटीवाले स्वतः भिंतीबाहेर येऊन त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

नळ दुसऱ्याच दिवशी जोडला. बंडूभाऊनं स्वतः उभं राहून जोडून घेतला. आणि तरीही आठवडाभरानं सकाळी मी पंचायतीकडे जात होतो, तर काका हापशीवर. घागर हातात, रांगेत त्यांच्या पुढे कोणी नाही, मागेही कोणी नाही. बायका पाणी भरून गेल्या होत्या.

मी गाडी थांबवली. "काका, नळ बिघडला काय?"

"नाही न. धो धो येऊन राहिलं पाणी."

"मग?"

काकांनी घागर खाली ठेवली. "घरी तोटी फिरवली का घागर भरते, बापू. भरली का बंद. झालं." ते मारुतीकडे वळले. "तुही काकी गेली तवापासून घरात कोणी बोललं नव्हतं माह्यासंग. इथी आलो तर चारजणी विचारत, काका, जेवले काय. काका, कंबर कशी हाय. काका, सरका जरा, आमाले उशीर होऊन राहिला." ते किंचित हसले. "लढाई जिंकलो मी. पण आज उशीर झाला मले, साऱ्या निंगून गेल्या."

माझ्याकडे घागर नव्हती. गाडीच्या हँडलला अडकवलेली पाण्याची बाटली होती, ती अर्धी भरलेली होती. मी ती मातीत रिकामी केली, चपला काढल्या आणि हापशीजवळ गेलो.

"काका," मी म्हणालो, "सरका जरा. मले उशीर होऊन राहिला."